दोनशे एक्क्याऐंशीवा मणी

त्या घरात आजाराला नाव नव्हतं, नंबर होता. म्हणजे नाव होतं, पण ते एवढं लांबलचक की डॉक्टरबाईसुद्धा ते घेताना मध्ये एकदा श्वास घ्यायच्या. थोरली, म्हणजे ताई, लहान असताना तिचं रक्त तपासलं, तेव्हा बाईंनी समजावून सांगितलं होतं: स्नायूंमधला कचरा साफ करणारं एक प्रथिन असतं, ते म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी, आणि हिच्या साखळीत दोनशे एक्क्याऐंशीव्या जागी भलतंच आम्ल येऊन बसलंय. घरी पोचेपर्यंत बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं, आकडा तेवढा राहिला. तेव्हापासून बाबा दाढी करता करता विचारायचे, "काय, आज दोनशे एक्क्याऐंशी काय म्हणतंय?" जिना चढवला नाही तर ताई म्हणायची, "रुसलंय." हातातला कप निसटला तर म्हणायची, "खोड्या काढतंय." एका लांबच्या मावशीला कितीतरी वर्षं वाटत होतं की हे लोक बसच्या नंबरबद्दल बोलतात.

ताई आता वीस वर्षांची होती आणि केस कापायच्या दुकानात कामाला होती. होती म्हणजे, वर्षाच्या सुरुवातीपर्यंत होती. मग तिच्या उजव्या अंगठ्यातलं बळ गेलं. कात्रीची पाती पूर्ण मिटेनात, केस कापले जाण्याऐवजी पात्यांमध्ये दुमडायला लागले. एका गिऱ्हाइकाची कपाळावरच्या केसांची झालर एका बाजूला खाली, एका बाजूला वर झाली, ती बाई आरशात बघून काही बोलली नाही आणि ताईला तेच जास्त लागलं. मालकीण मनाची चांगली. म्हणाली, "घरी जा, बरी हो. तुझी खिडकीजवळची खुर्ची मी एवढ्यात कुणाला देत नाही. पण पोरी, कायमची रिकामी ठेवता येणार नाही बघ मला."

हे सगळं डोक्यात ठेवून धाकटीकडे वळायला हवं, कारण पुढचा सगळा उद्योग धाकटीचा.

धाकटी दहावीत. नववीपर्यंत ती वर्गात पुढच्या मुलीच्या पाठीमागे लपून बसायची आणि नाव घेतलं की तिचे कान लाल व्हायचे. मग जीवशास्त्राच्या बाईंनी एकदा तिला फळ्यापाशी उभं करून पेशी शिकवायला लावली, आणि काय झालं कोण जाणे, तिची कळच फिरली. आता तिला थांबवणं मुश्कील होतं. दारात दूध द्यायला आलेल्या माणसालाही तिने दूध का नासतं ते सांगितलं होतं. तो बिचारा किटली धरून उभा.

तर या धाकटीला शाळेच्या संगणकावर ताईच्या प्रथिनाचा नकाशा सापडला. आणि त्याच्याच खाली एक बातमी. ती धावतच घरी आली. दप्तर पाठीवरच, आणि बोलायला सुरुवात.

"ताई, कात्री दे तुझी."

"कशाला? माझेच केस कापणार?"

"दे गं. हे बघ. प्रथिनाची साखळी सरळ नसते राहत. तिच्या गुंडाळ्या होतात, घट्ट, आणि प्रत्येक गुंडाळीचं काम वेगळं. डोमेन म्हणतात त्याला. तुझ्या प्रथिनाच्या तीन आहेत. पहिली कचरा पकडते. ही, जिथं बोटं घालतात तशी. शेवटची कापते. ही पाती. आणि मधली दोघींना नीट कोनात धरून ठेवते. म्हणजे काय?"

"स्क्रू," ताई म्हणाली. कात्रीतलं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"स्क्रू. आणि तुझं दोनशे एक्क्याऐंशी मधल्या गुंडाळीत आहे. दोनशे शहाण्णवपर्यंत मधलीच आहे."

"म्हणजे माझा स्क्रू ढिला आहे. हे शोधायला संगणक लागला तुला?"

बाबा हसले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना मजल्यांच्या हिशेबाने कळायची. "म्हणजे पोर मधल्या मजल्यावर अडकलीय," ते म्हणाले. "मधल्या मजल्यावरचं माणूस काढता येतं."

"तेच तर सांगतेय. औषध आलंय, बाबा. अजून बाजारात नाही, चाचण्या चालल्यात. ते मधल्या गुंडाळीत पाचरीसारखं जाऊन बसतं आणि तिला ढिली पडू देत नाही. फक्त मधल्या गुंडाळीतल्या दोषालाच चालतं. आणि त्यांना माणसं हवीत."

आई मणी ओवत बसली होती. तिचं कामच ते. एका दुकानाला ती माळा ओवून द्यायची, जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायम तिच्या डब्यांनी व्यापलेला. तिने सुई खाली ठेवली. नंतर भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. डॉक्टरबाईंनी मान डोलावली, म्हणाल्या, "जागा मधल्या डोमेनमध्ये असेल तर घेतीलही. मी कळवते चाचण्या घेणाऱ्या केंद्राला, ते सगळं स्वतः तपासून बघतील." त्या वाक्यातला 'असेल तर' घरी कुणी आणलाच नाही, तो दवाखान्याच्या पायरीवरच राहिला. केंद्राकडून भेटीची तारीख आली. ताईने स्वतः मालकिणीला फोन लावला. धाकटी दाराशी उभी राहून ऐकत होती. ताईचा आवाज असा कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता, थोडा उर्मट, थोडा लाडिक. "खुर्चीवर धूळ बसू देऊ नका हं. येतेय मी. हो, औषध आहे. माझ्या बहिणीने शोधलंय. हो, तीच, कान लाल होणारी." फोन ठेवून ती म्हणाली, "बस इथं. तुझी झालर कापते. सरावाला कुणीतरी हवं."

झालर भयंकर झाली. धाकटीने ती शाळेत आठवडाभर मिरवली.

आणि मग आईने मागणं केलं. आई कधी काही मागायची नाही. "मला एकदा दाखव ना," ती म्हणाली. "कुठं आहे ते. तुम्ही सगळे गुंडाळी गुंडाळी करता, माझ्या डोळ्यांपुढे काही येत नाही. साखळीच आहे ना? मग मी ओवते. तू सांग."

कल्पना अशी झकास होती की धाकटीला ती आपल्याला का सुचली नाही याचा राग आला. अमिनो आम्लं वीस प्रकारची, आईकडे मण्यांचे प्रकार त्याहून जास्त. दोघींनी मिळून ठरवलं, कुठल्या आम्लाला कुठला मणी. सगळ्यांत लहान आम्लाला बारीक पांढरा मणी. डॉक्टरबाईंना परत विचारून धाकटीने माहीत करून घेतलं होतं, ताईच्या साखळीत त्या बारीक आम्लाच्या जागी एक अवाढव्य आम्ल घुसलं होतं, त्याला मोठा तांबडा. आधी निरोगी साखळी ओवायची, मग दोनशे एक्क्याऐंशीव्या जागचा पांढरा काढून तिथं तांबडा घालायचा. आणि ती माळ ताईच्या पलंगावर टांगायची. केंद्रातल्या लोकांनाही दाखवायची, धाकटीने परस्पर ठरवून टाकलं.

सुट्टीच्या दुपारी काम सुरू झालं. धाकटी नकाशा बघून सांगायची, आई ओवायची. आईची एक सवय होती. दोऱ्यात पहिला खरा मणी घालण्याआधी ती हाताला येतील ते चार फुटके मणी अडकवायची, माळ मागून घसरू नये म्हणून. शेवटी गाठ मारताना ते काढून टाकायची.

"हिरवा, पांढरा, पांढरा, निळा," धाकटी सांगत होती.

"नकाशात हे सुरुवातीचं टोक राखाडी का रंगवलंय?"

"तो पत्ता असतो. पेशीत कुठं जायचं ते लिहिलेलं टोक. जागेवर पोचलं की ते कापून टाकतात. अठ्ठावीस आम्लं."

"म्हणजे माझे अडवायचे मणी."

"हो, तसंच काहीतरी."

"मग टाकून द्यायचे ते मोजायला कशाला लावतेस?"

"कारण नकाशात मोजलेत. तू ओव गं."

ताई पलंगावरून म्हणाली, "आई, तू फार प्रश्न विचारतेस. बाईंना राग येतो." धाकटीने तिच्यावर उशी फेकली. ताईला ती झेलता आली नाही, पण हसता आलं.

चारशे बारा मणी. तीन गुंडाळ्या कळाव्यात म्हणून आईने जिथं एक संपून दुसरी सुरू होते तिथं पिवळ्या दोऱ्याचा वेढा दिला. माळ पूर्ण झाली तेव्हा ती टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत वळली. सुंदर दिसत होती. आजार असा सुंदर दिसेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

धाकटीने चिमटा हातात घेतला आणि मोजायला सुरुवात केली. दोनशे ऐंशी. दोनशे एक्क्याऐंशी.

तिथं निळा मणी होता.

"आई, चुकलीस."

"काय?"

"इथं पांढरा हवा. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, पांढऱ्याच्या जागी तांबडा. तू निळा घातलास."

आईच्या कपाळावर आठी पडली. "इतकी वर्षं ओवतेय. दुकानदाराने माझी एक माळ परत पाठवली नाही आजवर. तूच चुकीचं वाचलं असशील, तोंडाचा पट्टा चालू असतो तुझा सारखा."

"मी चुकीचं वाचलं?"

"मग काय मणी आपोआप बदलला?"

ताई म्हणाली, "भांडू नका. परत मोजा."

परत मोजलं. या वेळी आईने बोटाने एकेक मणी सरकवला आणि धाकटीने नकाशावर एकेक खूण केली. एकही चूक नव्हती. दोनशे एक्क्याऐंशीव्या जागी नकाशातही तेच आम्ल होतं ज्याचा मणी निळा. तिथं पांढरा कधी नव्हताच.

धाकटी गप्प झाली. हे इतकं दुर्मीळ होतं की बाबांनी वर्तमानपत्र खाली घेऊन पाहिलं.

तिला आईचा मघाचा प्रश्न आठवला होता. टाकून द्यायचे ते मोजायला कशाला. ताईचं रक्त तपासलं त्याला वर्षं झाली होती. तेव्हा ज्यांनी मोजलं ते जर आईसारखे असतील? पुढचं टोक कापून टाकायचंच आहे, तर खऱ्या मण्यापासून एक, दोन, तीन, असं जर त्यांनी मोजलं असेल?

तिने चिमटा निळ्या मण्यावर ठेवला आणि पुढे सरकवायला लागली. मनातल्या मनात अठ्ठावीस. पंधराव्या मण्याला पिवळ्या दोऱ्याचा वेढा आला. ती त्याच्यावरून पलीकडे गेली. चिमटा थांबला तो एका बारीक पांढऱ्या मण्यावर. तीनशे नऊ. शेवटच्या गुंडाळीत.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

"तुझे कान लाल झालेत," ताई म्हणाली.

मग सांगावंच लागलं. तिने सांगितलं, पण नेहमीसारखं नाही, अर्धी वाक्यं गिळत. पांढरे मणी साखळीत ढिगाने आहेत, हा योगायोगही असू शकतो, हे तिने तीनदा सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. पुढे होऊन माळ स्वतःकडे ओढली, आणि जे आयुष्यात कधी बोलली नव्हती ते बोलली.

"चूक माझीच असेल."

"नाही आई, आपण दोनदा—"

"माझीच असेल. डोळे कुठं राहिलेत आता माझे पहिल्यासारखे. मघाशी बोलत होतो आपण, बोलता बोलता एखादा जास्त पडतो. अठ्ठावीस पडले असतील. तू सांग परत पहिल्यापासून. मी परत ओवते."

कुणी तिला थांबवलं नाही. तिने पूर्ण माळ उसवली. मणी डब्यांत गेले, डब्यांतून परत दोऱ्यात आले. धाकटी पहिल्यापासून सांगत गेली, हिरवा, पांढरा, पांढरा, निळा. आई एकही शब्द बोलत नव्हती, प्रत्येक मणी उजेडाला धरून बघत होती. बाबा मध्येच उठून चहा करून आले, तो तसाच निवला. दुपार कलली तरी काम चालू होतं.

दोनशे एक्क्याऐंशीव्या जागी निळा मणी आला. आईने तो ओवला नाही. हातात धरून बसून राहिली.

केंद्राचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. बोलणारा माणूस तरुण असावा, आवाज साधा होता. धाकटीने विचारलं, कारण तिच्याशिवाय कुणाला विचारता आलं नसतं. तो म्हणाला, "तपासणी कधीची आहे?" तिने सांगितलं. पलीकडे कळफलकाचा आवाज झाला.

"हां. तेव्हा सगळीकडे पुढचं टोक सोडून मोजायचे. आता धरून मोजतो. जुन्या आकड्यात अठ्ठावीस मिळवा."

"म्हणजे तीनशे नऊ."

"बरोबर. शेवटचं डोमेन. अगदी कापायच्या खोबणीतच आहे." मग त्याला बहुधा जाणवलं की पलीकडे कोण आहे. "तुम्ही तिच्या कोण?"

"बहीण."

"आमचं औषध गुंडाळी ढिली पडू नये म्हणून आहे. हिची गुंडाळी ढिली नाहीच. ती छान घट्ट होते. फक्त कापत नाही."

"मग त्याला काय देतात?"

"सध्या काही नाही."

"नंतर?"

"कुणी त्यावर काम करत असल्याचं माझ्या तरी माहितीत नाही," तो म्हणाला. खोटं बोलायला त्याला जमलं नाही. "तारीख मी रद्द करतो, उगाच इतका प्रवास नको त्यांना."

ताई खोलीत खिडकीशी बसली होती. धाकटी दाराशी उभी राहिली आणि तिला सुरुवात सापडेना. जिला वर्षभर कुणी थांबवू शकलं नव्हतं, ती तिथं नववीतल्यासारखी उभी होती.

"पातं ना?" ताईनेच विचारलं.

"हो."

"स्क्रू असता तर आवळला असता." ताईने मांडीवरची कात्री उघडली, मिटायचा प्रयत्न केला, सोडून दिला. "पात्याची धार गेली, तर ते दगडावर लावता येतं. पण पोलादच कच्चं असेल तर ते दुकानात कुणी ठेवत नाही. मालकीण टाकूनच देते."

"ताई, असं नको ना बोलूस."

"मी कात्रीचं सांगतेय." मग ती थोडं हसली. "गंमत बघ. इतकी वर्षं आपण भलत्याच मण्याला शिव्या घालत होतो. बिचारं दोनशे एक्क्याऐंशी. त्याचा काही दोष नव्हता."

"मी नीट बघायला हवं होतं आधी. मीच सगळ्यांना—"

"तू नसतंस बघितलं तरी ते तिथंच असतं," ताई म्हणाली. हे बहिणीची समजूत काढण्यासाठी होतं की नाही, ते धाकटीला कळलं नाही. तिच्याकडे न बघताच ताई म्हणाली होती. "फोन दे मला."

या वेळी मालकिणीशी बोलताना तिचा आवाज अगदी नीटस होता, दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. "खिडकीजवळची खुर्ची देऊन टाका कुणाला. नाही, औषध आहे, पण ते दुसऱ्यांसाठी निघालं. नाही नाही, रडत नाहीये. मागच्या कपाटात माझा एक कंगवा आहे, मोठ्या दातांचा, तो नव्या मुलीला राहू द्या." पलीकडून मालकीण बराच वेळ काहीतरी बोलत होती. ताई 'हं' म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने धाकटीच्या वाकड्या झालरीकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

संध्याकाळी बाबा आले. बूट काढता काढता सवयीने म्हणाले, "काय, आज दोनशे एक्क्याऐंशी काय—" आणि थांबले. नवा आकडा त्यांनी त्या दिवशी म्हटला नाही आणि नंतरही कधी म्हटला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दाढी करताना गप्प असत, नळाचा आवाज तेवढा येई.

माळ टेबलावर पडून होती. दोनशे ऐंशी मण्यांची, पुढे नुसता दोरा. दुकानातून नवं काम आलं, पांढरे आणि निळे मणी कमी पडायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "उसवायला हवी." पण ती हात लावेना. धाकटीही लावेना.

"मी उसवते," ताई म्हणाली. "मला नाहीतरी काय काम आहे."

तिने माळेचं टोक हाताने ओढून घेतलं. गाठ मारलेलीच नव्हती, त्यामुळे आईचे अडवायचे फुटके मणी आधी सुटले, मग राखाडी टोकाचे अठ्ठावीस, मग पहिली गुंडाळी. मोठे मणी ताईला जमत होते. हिरवा हिरव्याच्या डब्यात, निळा निळ्याच्या. बारीक पांढऱ्यांची पाळी आली तेव्हा तिने अंगठा आणि बोट एका मण्यावर आणलं, दोन्ही जवळ गेली, पण मिटली नाहीत. मणी मधून सरकला. तिने परत धरला, तो परत सरकला. टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला आणि खाली पडला.

धाकटी वाकायला गेली.

"राहू दे," ताई म्हणाली, "अजून पुष्कळ आहेत," आणि पुढच्या पांढऱ्या मण्यावर तिने बोटं नेली.